हिरव्याला पडलेले दान

आमच्या जुईनगरच्या घराच्या खिडकीतून एक पर्जन्यवृक्ष दिसतो. गेल्या पावसाळ्यात तो संगणकावर रंगवायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत जे तयार झाले ती हिरव्या रंगाची उशी होती. आकार बरा होता, फांद्या जागच्या जागी होत्या, उजेडाची बाजूही चुकली नव्हती. तरी पाहणाऱ्याला वाटावे, की हॉटेलच्या दाराशी ठेवतात तसले प्लॅस्टिकचे झुडूप आहे. शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोस्टर कलरने काढलेली झाडे यापेक्षा जिवंत असायची, आणि तेव्हा तर हातात धड ब्रशही नसायचा.

खरे तर तो धड नसलेला ब्रशच कामाचा होता. बशीत हिरवा कालवताना पिवळा आणि निळा कधी पुरते एकजीव होत नसत. केसांच्या एका बाजूला पिवळ्याची गुठळी राहायची, दुसरीकडे आधी रंगवलेल्या मडक्याचा तपकिरी उरलेला असायचा. एक फटकारा मारला तरी त्यात चार हिरवे उमटायचे. बाई ‘रंग नीट कालव’ म्हणून ओरडायच्या. संगणकातला ब्रश मात्र कायमचा धुतलेला. पडद्यावर लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर १,६७,७७,२१६ रंग होतात. त्यांतला नेमका एक उचलून हा ब्रश पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत तोच टाकत जातो. अख्खे झाड एकाच हिरव्यात.

एकच रंग सपाट दिसतो, ही गोष्ट चित्रकारांना संगणकाच्या कितीतरी आधी उमगली होती. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे भिंतीवर लावायचे चित्रमय पडदे विणत. काळा धागा नीट रंगत नाही अशी तक्रार आली, तेव्हा दोष धाग्यात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे हे त्याच्या ध्यानात आले. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, हे त्याने १८३९ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहून मांडले. पुढे चित्रकार जॉर्ज सराने रंग कालवण्याऐवजी ठिपक्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि कालवायचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवले. आपल्याकडे ना. श्री. बेंद्रे यांनी पुढच्या काळात बिंदूंच्या पद्धतीने चित्रे केली. त्यांत हिरव्या भागाजवळ जाऊन पाहिले तर हिरव्यासोबत भलतेच रंग बसलेले असतात. याच्या अगदी उलट टोकाला रघुवीर मुळगावकर. त्यांच्या स्प्रेने काढलेल्या देवदेवतांच्या गालावर एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला ते सापडू नये, हीच त्यांची करामत. मुळगावकरांचा गुळगुळीतपणा संगणक पहिल्या दिवसापासून फुकट देतो. बेंद्र्यांचा ठिपका त्याच्याकडून मिळवायला मात्र ब्रशच्या पोटात हात घालावा लागतो.

तर पोटात काय असते? पडद्यावर आपण फटकारा मारतो असे वाटते, पण संगणकाला फटकारा ठाऊकच नाही. त्याला ठसा ठाऊक आहे. ब्रशचा जो आकार असेल, गोल, पान, खरबरीत डाग, त्याचा शिक्का पेनच्या वाटेवर तो ठराविक अंतराने उठवत जातो. अंतर कमी असले की ठसे एकमेकांवर चढतात आणि सलग रेघ दिसते. ब्रश ४० पिक्सेल रुंद आणि अंतर रुंदीच्या १० टक्के असेल, तर दर चार पिक्सेलला एक ठसा. हजार पिक्सेलच्या रेघेत अडीचशे. तेच अंतर १०० टक्के केले तर फक्त पंचवीस, एकाला एक चिकटून. रंग बदलायची सगळी जादू या ठशांच्या मधल्या क्षणात घडते. ठसा उठवण्याआधी संगणकाला एवढेच सांगायचे, की दर वेळी रंग जरासा हलव.

हलवायचा म्हणजे कुठल्या दिशेने? त्यासाठी रंगाचा पत्ता लाल-हिरवा-निळा असा न देता ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू असा देतात. ॲल्वी रे स्मिथ या संगणक-चित्रकाराने १९७८ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली, आणि रंग निवडण्याच्या खिडक्यांत आजही ती ठाण मांडून आहे. ह्यू म्हणजे रंगचक्रावरची जागा, अंशांत मोजलेली: ० ला लाल, ६० ला पिवळा, १२० ला हिरवा, २४० ला निळा, आणि ३६० ला पुन्हा लाल. सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा. शून्यावर तो नुसता राखाडी. व्हॅल्यू म्हणजे उजळपणा, शून्यावर काळोख. माझ्या पर्जन्यवृक्षाचा हिरवा साधारण ९५ अंश, ६० टक्के, ४५ टक्के असा होता.

मी क्रिता हे चित्रे काढायचे सॉफ्टवेअर वापरतो, कारण ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या संगणकावर चालते. हे नाव स्वीडिश आहे, अर्थ खडू. पण नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात महाभारतातला ‘कृत’ हा शब्दही होता म्हणतात. मला त्यात आणखी एक गंमत दिसते. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावे मुळात फाशांच्या दानांची, आणि त्यांत कृत म्हणजे सर्वांत वरचे दान. आता आपण जे करणार आहोत ते ब्रशच्या हाती फासे देणेच आहे.

एफ-५ दाबले की ब्रशची खिडकी उघडते. डावीकडच्या यादीत ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू ही नावे आहेत. ह्यूवर खूण केली की उजवीकडे विचारणा होते, की याला कोणाच्या हुकमाने हलवायचे? पेनचा दाब, वेग, तिरकेपणा, अंतर असे बरेच हुकूमकर्ते तिथे बसलेले असतात. त्यांतला आपल्याला हवा तो ‘फझी डॅब’: प्रत्येक ठशाला नवा फासा. फोटोशॉपमध्ये हेच ‘कलर डायनॅमिक्स’ नावाखाली असते आणि त्यात प्रत्येक टोकाला लागू करा अशी एक खूण असते; ती काढली की रंग ठशागणिक न बदलता फटकाऱ्यागणिक बदलतो. आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्ये ठशाचा आणि फटकाऱ्याचा असे दोन वेगळे विभागच दिले आहेत. गिंपमध्ये थोडी निराळी रीत आहे, तिथे ब्रश निवडलेल्या ग्रेडियंटमधून रंग उचलतो. नावे काहीही असोत, आत फासाच.

पहिल्यांदा हे सापडल्यावर मी जे केले ते बहुतेक सगळेच करतात. ह्यूवर खूण केली, फझी डॅब लावला, बाकी कशाला हात न लावता झाडावर फटकारा ओढला. गोपाळकाल्याच्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या पताकांसारखे काहीतरी उमटले: जांभळे, गुलाबी, निळे, केशरी. कारण क्रितात या खिडकीतली रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी गेलेली असते. खालचे टोक म्हणजे उणे १८० अंश, वरचे टोक अधिक १८०, आणि मधली उंची म्हणजे मूळ रंग. फासा या रेघेवर डावीकडून उजवीकडे कुठेही पडू शकतो आणि रेघ त्याला चक्रभर फिरायची परवानगी देते.

झाडाला एवढी परवानगी नसते. ९५ अंशाच्या हिरव्याला आठ अंश इकडे, आठ अंश तिकडे फिरू दिले, म्हणजे ८७ ते १०३, तर सगळी पाने एकाच झाडाची वाटतात. त्यासाठी ती रेघ मधल्या उंचीवर जवळजवळ आडवी करायची: डावे टोक मध्याच्या किंचित खाली, उजवे किंचित वर. किंचित म्हणजे खरेच किंचित. १८० पैकी आठ, साडेचार टक्केसुद्धा नाही. फोटोशॉपमध्ये ह्यूची पट्टी टक्क्यांत असते, झाडासाठी मी तिथे पाचाच्या वर जात नाही. पट्टी शंभरापर्यंत जाते म्हणून ती शंभरावर न्यायची नसते. मिठाची बरणी भरलेली आहे म्हणून कोणी आमटीत ओतत नाही.

याच रेघेत एक बारीक युक्ती दडलेली आहे. संगणकाचा फासा अगदी समन्यायी. शून्यापासून एकपर्यंतच्या प्रत्येक आकड्याला सारखी संधी. झाड तसे नसते. पर्जन्यवृक्षाची शंभरातली ऐंशी-नव्वद पाने एकमेकांसारखी असतात आणि मधूनच एखादी कोवळी पोपटी फांदी किंवा पिवळे पडलेले पान डोळ्यात भरते. रेघ सरळ ठेवली तर सौम्य आणि टोकाचे हिरवे सारख्याच संख्येने येतात आणि झाड तीळ-तांदूळ दिसते. म्हणून रेघेचा मधला ऐंशी टक्के भाग सपाट ठेवून दोन्ही टोके वाकवायची. फासा दहापैकी आठ वेळा सपाट भागावर पडतो, रंग हलत नाही. उरलेल्या दोन वेळा टोकावर पडतो आणि पान वेगळे होते. वाकवतानाही दोन्हीकडे सारखे नको. माझ्या झाडाला उन्हाच्या बाजूला पिवळ्याकडची, म्हणजे उणे अंशांची, मोकळीक जास्त दिली. सावलीतल्या लेयरला निळसर हिरव्याकडची. ब्रश तोच, वाकण निराळे.

आता उजेड. व्हॅल्यूचा फासाही तिथेच शेजारी आहे आणि तोही लावायचा मोह होतो. मी लावत नाही. चित्रातला घाट, गोलाई, जवळ-लांब हे सगळे उजळ-काळोखावर उभे असते. तो फाशावर सोडला तर उन्हातले पान काळवंडते, सावलीतले चमकते आणि झाड पुन्हा चपटे होते, फक्त आता चपट्यावर खरूज आल्यासारखे. ह्यू आणि थोडा सॅच्युरेशन फाशाला द्यावा, उजेड आपल्या हातात ठेवावा, असे माझे मत. काही चित्रकार व्हॅल्यूला दोन-तीन टक्के सैल सोडतात, त्यांचेही बिघडत नाही.

पण इथे एक चकवा आहे. व्हॅल्यूला हात न लावताही उजेड हलू शकतो. शंभर टक्के व्हॅल्यूचा शुद्ध पिवळा आणि शंभर टक्के व्हॅल्यूचा शुद्ध निळा, दोघांचा आकडा सारखा. डोळ्याला मात्र पांढऱ्याच्या मानाने पिवळा सुमारे ९३ टक्के उजळ दिसतो आणि निळा जेमतेम ७. आपला डोळा हिरव्याला सर्वाधिक दाद देतो, लालला कमी, निळ्याला फारच कमी. ह्यू-सॅच्युरेशन-व्हॅल्यूच्या हिशेबात ही आवडनिवड धरलेलीच नाही. म्हणून ह्यू फार फिरवला की आकडे शांत असूनही चित्र लुकलुकते. वरती खालचा रंग काढून घेणारा एक राखाडी लेयर चढवून मधूनमधून पाहावे. रंग काढून घेतल्यावरही झाड गोल दिसले तर फासा आटोक्यात आहे.

एवढे करूनही कधी काही फरक दिसत नाही. तेव्हा ठशांतले अंतर पाहावे. १० टक्के अंतर असेल तर प्रत्येक ठसा आधीच्या ठशाचा बहुतेक भाग झाकून टाकतो. उरतात नुसत्या कडा, आणि फटकारा सुरवंटासारखा पट्ट्यापट्ट्यांचा होतो. त्यातून ब्रश पारदर्शक असला तर दहा-बारा ठशांचे रंग एकमेकांत मिसळून सरासरी निघते, आणि सरासरी म्हणजे पुन्हा तोच मूळ हिरवा. इतके फासे टाकून हाती काहीच नाही. पानांसाठी मी अंतर ७० टक्क्यांच्या आसपास ठेवतो, अपारदर्शक ब्रश घेतो आणि ठसे वाटेच्या दोन्ही बाजूंना थोडे विखुरू देतो. मऊ, धुरकट ब्रशला ठशागणिक रंग बदलायला लावू नये. चिखल होतो.

पानांचे झाले, पण सगळ्याच गोष्टी पानांसारख्या नसतात. झाडाखाली फुटपाथ आहे, पेव्हर ब्लॉकचा. त्यातला प्रत्येक ठोकळा वेगळ्या लाल रंगाचा असतो, काही उन्हाने विटलेले, काही नंतर बसवलेले. पण एका ठोकळ्याच्या आत रंग साधारण एकच. इथे ठशागणिक फासा लावला तर ठोकळ्याला गोवर येईल. इथे हवा ‘फझी स्ट्रोक’: पेन टेकले की एकदाच फासा पडतो आणि उचलेपर्यंत तोच रंग चालतो. एक फटकारा, एक ठोकळा. गवताची पाती, कौले, केसांच्या बटा, खिडक्यांतले पडदे, स्टेशनवरून बाहेर पडणाऱ्या गर्दीतली डोकी, सगळ्यांना हाच फासा. जुईनगरला हार्बरच्या आणि ठाण्याकडच्या अशा दोन्ही गाड्या येतात, त्यामुळे संध्याकाळी रंगवायला डोकी भरपूर.

मागे इमारतीची भिंत आहे, चार पावसाळे खाल्लेली. मी तिच्यासाठी नुसता राखाडी घेतला, ह्यूचा फासा लावला आणि ओढत राहिलो. काही म्हणजे काही होईना. रेघ पूर्ण तिरकी केली, तरी भिंत तशीच. मला वाटले सॉफ्टवेअर बिघडले. बिघडले काहीच नव्हते. राखाडीचा सॅच्युरेशन शून्य असतो. चक्राच्या मध्यावर उभा असलेला माणूस जागच्या जागी कितीही गिरक्या घेवो, तो पोचणार कुठे? काळ्याचे आणि पांढऱ्याचे तसेच. म्हणून भिंतीचा मूळ रंगच किंचित मातकट घ्यायचा: सॅच्युरेशन ८ टक्के, व्हॅल्यू ७०. आठ टक्के म्हणजे लाल-हिरवा-निळ्यातला सर्वांत मोठा आकडा १७८ आणि लहान १६४, फरक अवघा चौदाचा. इतक्या फिक्या रंगाला ह्यूची चाळीस-पन्नास अंश मोकळीक दिली तरी तो आरडाओरडा करत नाही. कुठे शेवाळी, कुठे गुलाबीसर अशी ओल भिंतीवर चढते. पानाला आठ अंश आणि भिंतीला पन्नास, हे आधी उलटे वाटते. पण मंद रंगाला जितके सैल सोडावे तितके तो सोसतो.

फासा नको असेल तर दाब आहे. खाडीकडे, पाम बीच रस्त्यापलीकडे खारफुटीशी किंवा पलीकडच्या नेरुळच्या तलावाशी हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्षी उतरतात. रोहितांचा गुलाबी सगळ्यांच्या अंगावर सारखा नसतो, आणि त्याला कारण आहे: तो रंग खाण्यातून, शेवाळातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. पिल्ले राखाडी असतात, वयात येता येता गुलाबी चढतो. मोठा रोहित बराचसा पांढरट, लहान रोहित अधिक गडद, आणि पंख उघडले की आत लालभडक पट्टा, कडेला काळी पिसे. थवा रंगवताना एक फटकारा म्हणजे एक पक्षी, तेव्हा फटकाऱ्यागणिक सॅच्युरेशनचा फासा. पण एका पक्ष्याच्या आत पाठीच्या पांढरटपासून पंखाच्या गडदपर्यंतचा प्रवास नशिबावर सोडायचा नसतो, तो मला ठाऊक असतो. क्रितात ‘मिक्स’ला पेनचा दाब जोडला की हलक्या हाताला एक रंग, दाबल्यावर दुसरा, फोटोशॉपमध्ये पुढचा-मागचा रंग दाबावर सोपवता येतो, प्रोक्रिएटमध्येही दाबाचा विभाग आहे. हल्लीची बरीच पेने दाबाच्या ८१९२ पायऱ्या सांगतात. माझ्या हाताला त्यांतल्या पाच-सहा कळतात. म्हणून दोन रंग फार लांबचे घेत नाही.

एक खोड मात्र या सगळ्या ब्रशना आहे आणि ती लक्षात यायला मला बरेच दिवस लागले. रंगवताना आपण सवयीने चित्रावरूनच रंग उचलतो. फासा लावलेल्या भागावरून उचलला तर हाती येतो तो मूळ हिरवा नव्हे, कुठल्यातरी ठशाला पडलेले दान. पुढचा फटकारा त्याच्या भोवती आठ अंश फिरतो, पुन्हा उचलले की आणखी आठ. तासाभरात ९५ चा हिरवा सरकत सरकत ७० ला जातो आणि ऐन श्रावणातल्या झाडावर शिशिर उतरतो. रेघ, अंतर, मोकळीक सगळे तपासून झाल्यावर हा चोर सापडला. आता चित्राच्या वरच्या कोपऱ्यात वेगळ्या लेयरवर चार साधे, फासा न लावलेले ठिपके ठेवतो: उन्हातला हिरवा, सावलीतला हिरवा, भिंत, फुटपाथ. रंग हवा असला की तिथूनच. चित्र कोणाला पाठवायच्या आधी तो लेयर बंद करायचा असतो. गेल्या वेळी राहिला; चौघांनी झाडाबद्दल काही न बोलता ते ठिपके कसले, एवढेच विचारले.